उत्तम लेखणी केव्हा घ्यावी?

गेल्या दिवाळीच्या आधी आठ दिवस माझा भाचा दुकानी आला होता. नव्या वर्षाच्या वह्यांची यादी करीत असता त्याने सहज म्हणून विचारले, "मामा, यंदा सोन्याच्या निबेचे एक फाउंटनपेन घ्यावे असे मनात आहे. पंधरा हजारांपर्यंत जाईल. घेऊ काय?" त्याच्या खिशाला त्या वेळी तीनशे रुपयांचे एक देशी पेन होते आणि ते, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, लिहिता लिहिता मध्येच अडत असे. प्रश्न साधा होता. परंतु मला त्याचे उत्तर ताबडतोब देता आले नाही. कारण सुमारे पंधरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला केला होता, आणि त्या वेळी मी जे उत्तर दिले ते पुढे एका पावसाळ्यात मला फार महाग पडले. ती हकीकत यथावकाश सांगेनच. तूर्त, भाच्याला जे सांगितले तेच थोडे व्यवस्थित मांडून आपणा व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहे.

कोणी म्हणेल, आता कीर्द-खतावणी संगणकावर गेली, कराची विवरणपत्रेही तारेवरून जाऊ लागली. अशा दिवसांत लेखणीची चर्चा कशाला? पण आपल्या पेढीवर नीट दृष्टी टाकली तर दिसून येईल की हाताने लिहिण्याचे काम कमी झाले असले तरी जे उरले आहे ते महत्त्वाचे आहे. चेकवरील अक्षरे व सही, करारपत्र, उधारीचे टिपण, घरातील वडीलधाऱ्यांना धाडावयाचे पत्र, आणि पाडव्याला वहीच्या पहिल्या पानावर घालावयाचा श्रीकार, ही सर्व कामे आजही हातच करतो. जे थोडे लिहावयाचे ते नीट उमटावे व टिकावे, एवढी अपेक्षा लेखणीकडून करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पेन लिहिते कसे?

कोणताही माल घेण्यापूर्वी त्याची घडण समजून घेणे हा आपला धर्म. फाउंटनपेन दिसावयास साधे असले तरी त्यात एक नाजूक देवघेव चाललेली असते. निबेच्या मधोमध एक बारीक चीर असते. निबेखाली जो काळा, कंगोरे असलेला भाग दिसतो त्याला आपण जीभ म्हणतो; तिच्या पाठीवर केसासारख्या बारीक खाचा कोरलेल्या असतात. समईच्या वातीत तेल जसे आपोआप चढते, तशी शाई या खाचांतून व चिरेतून कागदापर्यंत येते. परंतु जेवढी शाई बाहेर गेली तेवढीच हवा आत शिरली पाहिजे. तसे न झाल्यास प्रवाह थांबतो आणि पेन अडते. उलट हवा एकदम शिरली तर शाई भसकन बाहेर येऊन पानावर डाग पडतो. अमेरिकेत लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली जे पेटंट मिळविले, त्याचे मर्म हवा व शाई यांची ही देवघेव नियमित करण्यात होते. त्यानंतर शेकडो घाटांची पेने निघाली. तत्त्व मात्र अद्याप तेच आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. पेन अडणे किंवा गळणे हा पुष्कळदा हलक्या किमतीचा दोष नसून या देवघेवीत कोठेतरी पडलेल्या अडथळ्याचा दोष असतो. उदाहरणार्थ, आपल्याकडील जुनी एबोनाइटची पेने थेंबनळीने भरावी लागत. त्यांच्या टाकीत शाई थोडी उरली म्हणजे हाताच्या उबेने आतली हवा फुगते व उरलेल्या शाईला बाहेर लोटते. 'पेन शाई ओकते' ही जी तक्रार आपण लहानपणी ऐकली, तिचे कारण एवढेच. टाकी पाव भाग उरली असताच पुन्हा भरली तर त्या पेनाची बरीचशी खोड जाते. त्यासाठी नवे पेन घेण्याची गरज नाही.

या देशी पेनांविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम् यांनी स्वदेशीच्या चळवळीत फाउंटनपेन तयार करण्यास प्रारंभ केला आणि त्यांच्या पेनाबद्दल महात्मा गांधींनी १९३५ साली त्यांना पत्र लिहिले. आपल्या महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांच्या बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या व गोळ्या करण्याचा उद्योग सुरू केला आणि त्यातूनच पुढे घरोघरी गेलेली उंटछाप शाई व 'कॅमलिन' हे नाव उदयास आले. म्हणजे चांगली लेखणी वा शाई परदेशांतूनच यावी लागते ही समजूत नव्वद वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे.

सोन्यात सोने किती?

आता भाच्याच्या मनात भरलेल्या सोन्याच्या निबेकडे वळू. सराफीचा व्यवसाय करणाऱ्या बांधवांना हे विवेचन विशेष रुचेल. बहुतेक सोन्याच्या निबा १४ किंवा १८ कॅरटच्या असतात. १४ कॅरटवर ५८५ हा आकडा असतो. म्हणजे हजार भागांत ५८५ भाग सोने. १८ कॅरटवर ७५० असतो. पण निबेचे एकूण वजनच बहुधा एक ग्रॅमच्या आत असते. तेव्हा पंधरा हजारांच्या पेनात सोन्याचे मोल किती, याचा हिशेब सराफकट्ट्यावरील लहान मुलगाही करील.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सोने कागदाला शिवतच नाही. सोने मऊ, ते कागदावर घासले तर थोड्याच काळात झिजेल. म्हणून निबेच्या अग्रावर एका अत्यंत कठीण धातूचा इवलासा मणी डाखलेला असतो. पूर्वी तो इरिडियम व ऑस्मियम या धातूंच्या मिश्रणाचा असे. आता रुथेनियम, टंगस्टन इत्यादींची मिश्रणे वापरतात. चांगल्या पोलादी निबेलाही असाच मणी असतो. अक्षर गुळगुळीत उमटते की खरखरीत, हे त्या मण्याच्या घासकामावर आणि चिरेच्या दोन्ही पात्यांच्या सारखेपणावर अवलंबून असते. मागील पत्रा सोन्याचा की पोलादाचा यावर नव्हे.

मग सोन्याची चाल पडली कशी? जुन्या काळच्या टिकाऊ शाया आंबट असत, त्यांच्या आम्लाने पोलादी निब गंजे, आणि सोन्याला गंज नाही. हे कारण त्या वेळी सबळ होते. न गंजणारे पोलाद विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निघाले व त्याच्या निबा होऊ लागल्यावर ते कारण बरेच दुबळे झाले. सोन्याची निब मऊ लवते असेही सांगतात. काही लवतातही, परंतु लवचीकपणा हा पत्र्याच्या जाडीवर व घाटावर ठरतो, आणि आजच्या कित्येक सोन्याच्या निबा पोलादाइतक्याच ताठ असतात.

याचा अर्थ महाग पेनात काहीच नसते, असा मुळीच नाही. किंमत वाढते तसे काय मिळते, हे पायरीपायरीने पाहू. दोनतीनशे रुपयांच्या पेनात निब व जीभ तीच कामे करतात. फक्त प्रत्येक नग तपासला गेलेला नसतो, म्हणून दहांत दोन उत्तम, सहा बरे व दोन वाईट निघाले तर आश्चर्य मानू नये. दीड हजार ते चार हजारांच्या दरम्यान जपानी व जर्मन कारखान्यांची पोलादी निबेची पेने मिळतात. येथे आपण पैसे मोजतो ते सारखेपणाला. एक नग घेतला काय किंवा दुसरा काय, तो बहुधा तसाच लिहितो. शिवाय टोपण घट्ट बसते, त्यामुळे चार दिवस पेन न उघडले तरी शाई निबेत वाळत नाही. लिहिण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी उडी मला वाटते येथेच आहे. दहा हजारांच्या पुढे सोन्याची निब येते, अंगावरील काम सुबक होते, हातात तोल बरा वाटतो. कित्येकांत दट्ट्याने शाई ओढण्याची सोय असते, जी पेलिकन या जर्मन कारखान्याने १९२९ साली प्रचारात आणली. येथील सुधारणा खरी आहे, पण ती बारीक आहे. आणि लाखाच्या घरातील पेने, उदाहरणार्थ १९५२ पासून चालत आलेले मोंब्लांचे १४९ क्रमांकाचे जाडजूड पेन, ही लेखणी तर आहेतच, पण त्यांच्या किमतीतील मोठा वाटा नावाचा व मानाचा आहे. मानासाठी खर्च करणे हा गुन्हा नव्हे. मात्र तो खर्च लेखनसामग्रीच्या खाती न टाकता योग्य त्या खाती टाकावा.

आधी पाहावयाच्या गोष्टी

भाच्याला मी प्रथम सांगितले ते हे की, नवे पेन घेण्याचा विचार करण्यापूर्वी जुन्याची चौकशी करावी. ही चौकशी पाच अंगांनी करता येते.

पहिली, स्वच्छता. निब व जीभ साध्या पाण्याने, पाणी निर्मळ येईपर्यंत, धुवावी. ऊन पाणी वापरू नये. एबोनाइटच्या पेनाचा काळा रंग त्याने विटतो. दोन प्रकारच्या शाया कधीही एकत्र करू नयेत. त्यांचा साका होऊन खाचा बुजतात. मी भाच्याचे पेन घेऊन वाटीभर पाण्यात धरले, तो त्यातून निळ्या व काळ्या अशा दोन्ही रंगांचा गाळ निघाला. त्याने आधीची शाई न धुताच दुसरी भरली होती.

दुसरी, निबेची पाती. सराफाच्या भिंगातून टोकाकडे समोरून पाहावे. मण्याचे दोन्ही अर्धे एका पातळीत दिसले पाहिजेत. एक अर्धा वर व दुसरा खाली असेल तर पेन एका बाजूला ओढताना कागद खरवडते. असा किरकोळ वाकडेपणा जाणत्याच्या नखाने दोन मिनिटांत सरळ होतो. अजाणत्याने मात्र पक्कड हाती घेऊ नये.

तिसरी, कागद. शाई फुटते व पानामागे उमटते ती पुष्कळदा कागदाला खळ कमी असल्यामुळे. आपले पूर्वज जुन्नरी व दौलताबादी कागदावर लिहीत. तो घोटून गुळगुळीत केलेला असे, म्हणून त्यावर बोरूची रेघ स्वच्छ उठे. आजच्या स्वस्त वहीवर लाखाचे पेनही फुटलेलेच अक्षर काढील. घरातील चार प्रकारच्या कागदांवर एकच ओळ लिहून पाहावी; दोष कोणाचा ते कागदच सांगेल.

चौथी, हात. ज्यांचा हात बॉलपेनवर बसला आहे त्यांना दाबून लिहिण्याची सवय असते, कारण बॉलपेनच्या गोळीला फिरावयास दाब लागतो. फाउंटनपेनला तो लागत नाही. पेनाच्या स्वतःच्या वजनाने शाई उतरली पाहिजे. दाबले की पाती फाकतात, आणि एकदा फाकलेली निब पंधरा हजारांची असली तरी फाकलेलीच राहते. जो दाबून लिहितो त्याने आधी वर्षभर साधे पेन वापरून हात हलका करावा, हे उत्तम.

पाचवी, टोकाची जाडी. ही गोष्ट मराठी लिहिणाऱ्यांसाठी विशेष आहे व पेन विकणारे ती क्वचितच सांगतात. रोमन लिपीत अक्षर मोकळे असते. आपल्या देवनागरीत वर रेघ, तिच्यावर मात्रा व अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरे. जाड टोकाने लहान अक्षर लिहिले तर 'द्ध' आणि 'ष्ठ' यांची पोटे भरून जातात व मात्रा कोणती, वेलांटी कोणती हे ओळखू येत नाही. वहीच्या अरुंद रकान्यात लिहावयाचे असेल तर बारीक टोक घ्यावे. पत्रासाठी व सहीसाठी मध्यम चालेल. जपानी कारखान्यांचे बारीक टोक हे साधारणपणे युरोपीय बारीक टोकापेक्षा एक पायरी अधिक बारीक असते, हेही घेताना लक्षात ठेवावे. ज्यांना बोरूच्या वळणाची, जाड-बारीक रेघांची आवड आहे त्यांनी सपाट छाटलेले टोक मागावे. पण त्याने अक्षर मोठेच काढावे लागेल.

पुरात गेलेली वही

आता शाईविषयी, आणि येथेच माझी हकीकत सांगावयाची आहे. २०१० च्या सुमारास, धंदा बरा चालला असता, मी एक भारी परदेशी पेन घेतले. त्याबरोबर सुंदर निळ्या शाईची एक दौत आणली. ती शाई धुता येणारी होती. म्हणजे मुलांच्या कपड्यांवर पडली तरी पाण्याने निघून जावी, अशाच हेतूने ती केलेली असते. मला रंग आवडला, बाकी मी विचार केला नाही. पेढीचा हिशेब संगणकावर होता. परंतु काही खासगी देवघेवीची एक वही मी स्वहस्ते लिहीत असे.

त्या वहीत एका हमालाचे खाते होते. पंचवीस वर्षे त्याने आमच्या वखारीत पोती वाहिली. मुलीच्या लग्नासाठी म्हणून तो आठवड्याच्या मजुरीतून जमेल ती रक्कम माझ्यापाशी ठेवी. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. मी वहीत आकडा मांडी, तो पाहून मान हलवी. हीच त्याची पावती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या भागात महापूर आला. आमची वखार सखल जागी असल्यामुळे तीत छातीइतके पाणी चढले आणि ओसरावयास दिवस लागले. कपाट उघडले तेव्हा माझी ती वही निळसर पाण्याने भिजलेल्या कोऱ्या पानांची झाली होती. त्याच फळीवर माझ्या वडिलांची १९६४ सालची एक जुनी वही होती. तिच्या कडा कुजल्या होत्या, पाने एकमेकांना चिकटली होती. पण ती सावकाश सोडवून सावलीत वाळविली, तो वडिलांचे अक्षर जागच्या जागी! निळी झाक गेली होती, काळी रेघ राहिली होती. वडील थेंबनळीने भरावयाचे एक साधे पेन वापरीत आणि त्यात निळी-काळी टिकाऊ शाई घालीत.

मी त्या हमालाला बोलावले. पाडव्यापर्यंतची बेरीज ४१ हजार रुपये असल्याचे मला पक्के आठवत होते. त्यापुढचे एकूण ३९ आठवडे मात्र पाण्यात गेले होते. मी म्हणालो, "तूच सांग, किती झाले असतील?" तो म्हणाला, "शेठ, तुम्ही सांगाल तो आकडा." पंचवीस वर्षांच्या विश्वासाने उच्चारलेले ते शब्द ऐकून मला खाली पाहावे लागले. एका आठवड्यात तो अधिकात अधिक ५०० रुपये ठेवी, म्हणून मी प्रत्येक आठवड्याचे ५०० धरले, १९,५०० झाले. एकूण ६०,५००. मी आकडा सांगितला, तेव्हा तो थोडा वेळ बोटे मोजीत राहिला आणि म्हणाला, "मध्ये दोन महिने मी गावी होतो की. तेव्हा काही टाकले नव्हते. आठ आठवड्यांचे चार हजार कमी करा." मी त्याला ५६,५०० रुपये दिले. खरा आकडा कोणता होता, हे आम्हा दोघांनाही आजतागायत ठाऊक नाही. त्याने आपला प्रामाणिकपणा राखला. नोंद राखण्याचे काम माझे होते, आणि ते माझ्या भारी पेनाने केले नाही.

ही शाई टिकली व ती का टिकली नाही, याचे कारण समजण्यासारखे आहे. साध्या निळ्या शाईत पाण्यात विरघळलेला रंग असतो. पाणी पुन्हा आले की तो पुन्हा विरघळतो. वडिलांच्या शाईचे मूळ हिराकस व मायफळ यांत आहे. हिराकसातील लोह आणि मायफळातील तुरट द्रव्य यांचा संयोग कागदाच्या तंतूंत शिरतो व हवेने हळूहळू काळा व अविद्राव्य होतो. ओली असता ही शाई फिकी दिसते, म्हणून लिहिताना अक्षर दिसावे यासाठी तीत निळा रंग मिसळीत. म्हणून ती निळी-काळी. याखेरीज काजळीसारख्या सूक्ष्म रंगकणांच्या, फाउंटनपेनसाठी मुद्दाम केलेल्या शायाही आता मिळतात. त्याही पाण्याने जात नाहीत. मात्र अशा दोन्ही प्रकारच्या शाया वापरणाऱ्याने पेन वाळू देऊ नये व दोनतीन आठवड्यांनी धुवावे. आणि चित्रकारांची लाखेची काळी शाई फाउंटनपेनमध्ये कधीच घालू नये. ती जिभेत बसली की निघत नाही.

बाटलीवर 'निळी-काळी' असे छापले म्हणजे आतील शाई टिकाऊ असेलच असेही आज नाही. तो पुष्कळदा केवळ रंग असतो. म्हणून परीक्षा घरीच करावी. कागदावर चार ओळी लिहाव्या, दोन दिवस वाळू द्याव्या, मग तो कागद रात्रभर पाण्यात ठेवावा. सकाळी जे वाचता येईल तेवढेच आपण लिहिले असे समजावे. चेक लिहिणाऱ्यांनी तर ही परीक्षा अवश्य करावी. चेकची वटणावळ आता त्याच्या छायाप्रतिमेवरून होते. २०१० साली रिझर्व्ह बँकेने नवे प्रमाण घालून दिले, तेव्हा प्रतिमेत स्पष्ट उमटेल अशी शाई वापरण्याची सूचना केली आणि तारखेचा अपवाद वगळता खाडाखोड केलेला चेक चालणार नाही असे ठरविले. धुता येणारी शाई चेकवर वापरणे म्हणजे रक्कम बदलण्याची सोय दुसऱ्याच्या हाती देणे होय.

हिशेब

इतके सर्व पाहूनही नवे पेन घेण्याची इच्छा उरली, तर हिशेब करावा. पंधरा हजारांचे पेन नीट वापरले तर वीस वर्षे सहज टिकते. वर्षाचे ३०० दिवस लिहिले असे धरल्यास ६,००० दिवस होतात. दिवसाला अडीच रुपये पडले. ऐकावयास हे फार स्वस्त वाटते, आणि पेन विकणारा हाच हिशेब सांगेल. पण व्यापाऱ्याने व्याज विसरू नये. दरसाल दरशेकडा ७ प्रमाणे पंधरा हजारांचे पहिल्या वर्षाचे व्याज १,०५० रुपये. म्हणजे दिवसाला साडेतीन रुपये. पहिल्या वर्षी तरी ते पेन दिवसाला सहा रुपये खाते. जो दिवसाला चार पाने लिहितो त्याला पानामागे दीड रुपया पडला. रोज तास-दीड तास हाताला सुख देणाऱ्या वस्तूला हा आकार जड नाही. जो दिवसाला दोन सह्या करतो त्याला सहीमागे तीन रुपये पडले. त्याने ते द्यावे की न द्यावे, हे त्याचे त्याने ठरवावे. पण लेखनासाठी दिले असे म्हणू नये.

तेव्हा उत्तम पेन केव्हा घ्यावे, याचे माझे उत्तर असे. आपले सध्याचे पेन स्वच्छ आहे, पाती सरळ आहेत, शाई व कागद चांगले आहेत, हात हलका आहे, टोकाची जाडी आपल्या अक्षराला योग्य आहे, आणि आपण रोज पानेच्या पाने लिहितो. इतके असूनही जर काही उणे भासत असेल आणि ते उणे नेमके काय आहे हे एका वाक्यात सांगता येत असेल, तर खुशाल घ्यावे. टोपण सैल आहे, लांब लिहिल्यावर बोटे दुखतात, टाकी दिवसभर पुरत नाही, ही खरी कारणे आहेत. 'याहून बरे असावे असे वाटते' हे कारण नव्हे. ते पंधरा हजारांचे पेन घेतल्यावरही वाटत राहते. घेतानाही प्रथम पोलादी निबेच्या चांगल्या पेनाची पायरी चढावी, वर्षभर तेथे थांबावे, आणि दुकानात आपल्या स्वतःच्या कागदावर, आपल्या भाषेत, आपली सही व दहा ओळी लिहून पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत. घरात आजोबांचे जुने पेन पडले असेल तर आधी ते दुरुस्त होते का पाहावे. रबरी नळी कडक झाली असली तर ती बदलता येते, आणि जुन्या निबेचा मणी शाबूत असला तर पेनाचे आयुष्य अजून पुष्कळ उरलेले असते.

माझे ते परदेशी पेन मी टाकून दिलेले नाही. त्याचा अपराध काहीच नव्हता. त्यात आता पाण्यात ठेवून पारखलेली शाई असते, दर पंधरवड्याला मी ते धुतो, आणि कोणाची ठेव घेतली तर तिची नोंद दोन ठिकाणी करून एक प्रत ज्याची त्याला देतो.

भाच्याचे म्हणाल तर, धुतल्यावर त्याचे तीनशे रुपयांचे पेन अडावयाचे थांबले. टोक मात्र त्याच्या रकान्यांना जाड होते, म्हणून त्याने दोन हजारांच्या आत बारीक टोकाचे एक पोलादी निबेचे पेन व टिकाऊ शाईची एक दौत घेतली. सोन्याच्या निबेचा बेत त्याने सोडलेला नाही; "एक वर्ष रोज लिहून पाहतो, मग बोलू," असे तो म्हणाला. वर्ष भरावयास अद्याप तीन महिने आहेत. मधून मधून त्याची पत्रे येतात. अक्षर सुधारले आहे.

असो. येत्या पाडव्याला नव्या वहीवर श्रीकार घालण्यापूर्वी आपण सर्वांनी आपल्या दौतीतील शाईच्या चार ओळी रात्रभर पाण्यात ठेवून पाहाव्यात, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.